हातचा करार आणि पळता दर

मंडईत एका गाळ्यावरची मेथी महाग वाटली, तर ग्राहक शेजारच्या गाळ्याकडे वळतो. त्यासाठी पहिल्या गाळेवाल्याची परवानगी लागत नाही, की त्याला दंडही मोजावा लागत नाही. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतील स्पर्धेचे चित्र बहुतांशी या मंडईवरूनच घेतलेले असते. परंतु घरातील दिवा आणि चूल यांसाठी लागणारी ऊर्जा विकणाऱ्या कंपन्यांना हे चित्र लावू गेले, की त्याचे रंग विटू लागतात. विजेला ना रूप, ना गंध. कोणत्याही कंपनीची वीज त्याच तारेतून येते आणि तोच दिवा लावते. फरक असतो तो केवळ दरपत्रकात आणि करारातील बारीक अक्षरांत. त्यामुळे ‘कंपनी बदलावी काय, आणि बदलावयाची तर कराराची मुदत संपण्यापूर्वी बदलावी काय’ हा वरकरणी घरगुती वाटणारा प्रश्न वस्तुतः हिशेबाचा, धोरणाचा आणि काही अंशी न्यायाचाही प्रश्न ठरतो.

हा प्रश्न ज्या देशात घरोघर विचारला जातो तो देश म्हणजे ग्रेट ब्रिटन. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकत नाही. तथापि येथील वाचकाने त्याकडे लक्ष द्यावे याचे कारण केवळ तेवढेच नाही. मुंबईच्या उपनगरांत वीजपुरवठादार बदलण्याची मुभा ग्राहकाला लाभून दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि ती मुभा देशभर विस्तारावी असा विचार दिल्लीत वेळोवेळी डोके वर काढीत असतो. ज्या वाटेने जावयाचे ती आधी कोणी तुडवली आहे आणि त्याच्या पायांत कोणते काटे रुतले, हे पाहून ठेवणे शहाणपणाचे.

ग्राहकसत्तेचा प्रयोग

ब्रिटनमध्ये १९८६ साली ब्रिटिश गॅस आणि १९९० साली इंग्लंड व वेल्समधील बारा प्रादेशिक वीज कंपन्या खासगी भागधारकांच्या हाती गेल्या. घरगुती ग्राहकाला आपला पुरवठादार निवडण्याचे स्वातंत्र्य मात्र नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने मिळाले. गॅसच्या बाबतीत ही प्रक्रिया १९९८ मध्ये आणि विजेच्या बाबतीत १९९९ मध्ये पूर्ण झाली. तारा आणि नळ यांची मक्तेदारी कायम ठेवावी, विक्री तेवढी स्पर्धेसाठी खुली करावी, आणि ग्राहकाने स्वस्त विक्रेत्याकडे सरकत राहून सर्वांनाच दर उतरवण्यास भाग पाडावे, अशी ही कल्पना होती.

प्रत्यक्षात काय घडले? तेथील स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने २०१४ ते २०१६ या काळात या बाजाराची सांगोपांग चौकशी केली. सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे सत्तर टक्के घरगुती ग्राहक ज्याला ‘नेहमीचा बदलता दर’ म्हणतात त्यावरच, म्हणजे महागड्या दरावर, बसून राहिलेले आढळले. कंपनी अथवा योजना बदलून त्यांना वर्षाकाठी तीनशे पौंडांहून अधिक बचत करता आली असती. परिणामकारक स्पर्धा असती तर जे द्यावे लागले नसते असे सुमारे १.४ अब्ज पौंड ग्राहक दरवर्षी मोजत आहेत, असा प्राधिकरणाचा निष्कर्ष होता.

हे ग्राहक मूर्ख होते असे मानणे अन्यायाचे होईल. ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ पॉल क्लेम्परर यांनी १९८७ मध्येच दाखवून दिले होते, की विक्रेता बदलण्यास जेथे काही खर्च पडतो तेथे विक्रेता नव्या ग्राहकाला कमी दराने ओढतो आणि जुन्याकडून तो दर पुढे वसूल करून घेतो. विल्यम सॅम्युअलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी पुढच्याच वर्षी माणसाच्या ‘आहे तसेच चालू द्यावे’ या प्रवृत्तीची चिकित्सा केली. एकाने बाजाराचा स्वभाव सांगितला, दुसऱ्यांनी माणसाचा. या दोन स्वभावांची गाठ पडली, की निष्ठावान ग्राहकाच्या खिशातून चंचल ग्राहकाची सवलत निघते.

हिशेब कसा मांडावा

बदलत्या दराखेरीज दुसरा पर्याय असतो तो ठरावीक मुदतीच्या कराराचा. एक किंवा दोन वर्षांसाठी प्रतियुनिट दर आणि दररोजचा स्थिर आकार गोठवला जातो. त्या मोबदल्यात ग्राहकाने मुदतीपूर्वी सोडून गेल्यास बहुतेक करारांत निर्गमन-शुल्क असते, आणि ते सामान्यतः वीज व गॅस यांसाठी वेगवेगळे आकारले जाते. करार होऊन काही महिने उलटतात, दर उतरतात, शेजारी नव्या कंपनीची तारीफ करू लागतो, आणि प्रश्न उभा राहतो : शुल्क भरून बाहेर पडावे, की मुदत पुरी करावी?

येथे दोन म्हणी ग्राहकाला एकाच दिशेला ओढतात. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ ही एक. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही दुसरी. दोन्हींचा इशारा थांबण्याकडेच आहे. तथापि थांबणे हाही एक निर्णय असतो आणि त्यालाही किंमत असते, हे म्हणी सांगत नाहीत. ते आकडेमोडीनेच कळते.

पहिला नियम असा, की झालेले विसरावे. गेल्या वर्षी चढ्या दराने करार केला याची हळहळ, किंवा ‘इतके महिने भरले, आता थोडक्यासाठी का सोडा’ ही भावना, दोन्ही हिशेबाबाहेर ठेवाव्यात. जे पैसे गेले ते कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत. विचार करावयाचा तो यापुढील महिन्यांचा.

दुसरा नियम मासिक हप्त्यावर न भुलण्याचा. हप्ता हा कंपनीचा अंदाज असतो, किंमत नव्हे. किंमत दोनच आकड्यांत असते : प्रतियुनिट दर आणि स्थिर आकार. आपला वर्षभराचा प्रत्यक्ष वापर युनिटांत घेऊन त्याला या आकड्यांनी गुणले, म्हणजेच खरी तुलना होते. ज्याचा वापर अल्प, त्याला स्थिर आकार अधिक बोचतो. ज्याचा वापर मोठा, त्याला युनिटचा दर.

तिसरा नियम ऋतूचा आहे, आणि येथेच अनेकांची चूक होते. एक उदाहरण घेऊ. ब्रिटनच्या ऑफजेम या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वसाधारण घराचा वार्षिक वापर २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस असा धरला होता. समजा, अशा एका घराला नव्या योजनेत वीज युनिटमागे तीन पेन्सने आणि गॅस एका पेन्सने स्वस्त मिळतो आहे, स्थिर आकार सारखाच आहे, आणि निर्गमन-शुल्क प्रत्येक इंधनाला पन्नास, म्हणजे एकूण शंभर पौंड आहे. विजेवर वर्षाला ८१ आणि गॅसवर ११५, अशी एकूण १९६ पौंडांची बचत दिसते. शुल्काविना बाहेर पडता येण्यास सहा महिने आहेत असे धरले, तर निम्मी बचत ९८ पौंड. शुल्क शंभर पौंड. म्हणजे बदलू नये, असा कौल सरळ भागाकार देतो.

परंतु थंड प्रदेशात गॅस मुख्यतः घर उबदार ठेवण्यासाठी जळतो. वर्षाच्या गॅसपैकी सत्तर टक्के आणि विजेपैकी पंचावन्न टक्के वापर ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत होतो असे मानले, तर हेच सहा महिने हिवाळ्याचे असल्यास बचत सुमारे १२५ पौंडांची होते. उन्हाळ्याचे असल्यास केवळ ७१ पौंडांची. पहिल्या बाबतीत पंचवीस पौंडांचा लाभ, दुसऱ्यात एकोणतीस पौंडांचा तोटा. शुल्क तेच, दर तेच, महिन्यांची संख्या तीच. केवळ कोणते महिने, यावर निर्णय फिरला! एवढेच नव्हे, दोन्ही इंधनांचा हिशेब वेगळा मांडला तर हिवाळ्यातही विजेवरची बचत सुमारे ४५ पौंड, म्हणजे तिच्या पन्नास पौंडांच्या शुल्काहून कमी भरते. गॅसवरची मात्र ८० पौंडांच्या पुढे जाते. अशा घराने केवळ गॅसचा करार बदलावा आणि विजेचा पुरा होऊ द्यावा, हे सर्वांत किफायतशीर. अर्थात दोन बिले आणि दोन कंपन्या यांचा ताप त्याने सोसला पाहिजे.

चौथा नियम कायद्याच्या माहितीचा. कराराच्या अखेरच्या ४९ दिवसांत कोणी सोडून गेले तर निर्गमन-शुल्क घेता येत नाही, असे तेथील परवान्याच्या अटींत नमूद आहे. आणि मुदत संपत आल्याची सूचना ग्राहकाला देणे कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणून ‘करार संपण्यास किती दिवस उरले’ हा प्रश्न नव्हेच. ‘शुल्कमुक्त दिवस सुरू होण्यास किती उरले’ हा खरा प्रश्न. नवा करार केल्यावरही चौदा दिवसांत मन बदलण्याची मुभा असते. बदलाच्या दिवशीचे मीटर रीडिंग टिपून ठेवावे. जुन्या कंपनीने सहा आठवड्यांत अंतिम बिल द्यावयाचे असते आणि आपल्या खात्यावर शिल्लक असलेली रक्कम परत मिळवण्याचा ग्राहकाला हक्क असतो.

जे गणितात मावत नाही

इतके सगळे केल्यावरही एक राशी उरते, आणि ती म्हणजे भविष्य. मुदतीचा करार ही केवळ खरेदी नसून एक प्रकारचा विमा असतो. दर चढले तर करार ग्राहकाला वाचवतो, उतरले तर कंपनीला. मुदतीपूर्वी करार मोडणारा ग्राहक जुना विमा सोडून नवा घेत असतो. तो जर बदलत्या दराकडे जात असेल तर विमाच सोडून देत असतो. या विम्याचे मोल किती, याचा धडा २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांनी दिला.

ब्रिटनच्या संसदेने २०१८ मध्ये कायदा करून बदलत्या दरावर कमाल मर्यादा घातली आणि ती १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. या मर्यादेविषयी एक गैरसमज आजही आढळतो. मर्यादा युनिटच्या दरावर आणि स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नव्हे. जाहीर होणारा आकडा सर्वसाधारण घराचा असतो. अधिक जाळणाऱ्याला अधिकच भरावे लागते. हा आकडा ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्षाला १,२७७ पौंड होता. तो एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ झाला आणि ऑक्टोबर २०२२ साठी ३,५४९ पौंड ठरवण्यात आला. अखेर सरकारला हस्तक्षेप करून सर्वसाधारण घराचे बिल २,५०० पौंडांच्या आसपास रोखून धरावे लागले. घाऊक गॅसच्या किमती २०२१ च्या उन्हाळ्यापासूनच चढत होत्या, आणि रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर त्या भडकल्या. ज्यांचा २०२१ च्या पूर्वार्धात केलेला करार टिकला, त्यांना हा वणवा काही काळ तरी दुरून पाहता आला.

‘टिकला’ हा शब्द येथे महत्त्वाचा. स्वस्त दर देणाऱ्या कित्येक लहान कंपन्यांनी पुढील काळासाठी घाऊक खरेदी केलेलीच नव्हती. किमती चढताच त्या एकामागून एक बुडाल्या. एका वर्षाच्या आत सुमारे तीस कंपन्यांनी दुकान बंद केले आणि सुमारे चाळीस लाख ग्राहक दुसऱ्यांच्या पदरात टाकले गेले. त्यांचा पुरवठा खंडित झाला नाही, शिलकीची रक्कमही सुरक्षित राहिली; परंतु गोठवलेला स्वस्त दर मात्र कंपनीबरोबरच बुडाला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०२२ मध्ये या पडझडीचा खर्च, बल्ब या सर्वांत मोठ्या बुडीत कंपनीला वगळून, २.७ अब्ज पौंड म्हणजे घरटी सुमारे ९४ पौंड असा काढला. हा भार कोणी उचलला? सर्व ग्राहकांनी, ज्यांनी कधी कंपनी बदलली नाही, ज्यांना त्या स्वस्ताईचा एक पेन्सही लाभला नाही, त्यांनीसुद्धा. सर्वांत स्वस्त कंपनी निवडताना तिच्या पायाखालची जमीनही पाहावी, हा सामान्य ग्राहकाला उपदेश ठीक. पण ती जमीन तपासण्याचे काम नियामकाचे होते, हे विसरता येत नाही.

दर उतरू लागले तेव्हा उलटा पेच पडला. जुलै २०२३ मध्ये कमाल मर्यादेचा आकडा २,०७४ पौंडांवर आला. भीतीच्या महिन्यांत चढ्या दराने दीर्घ मुदतीचा करार ज्यांनी केला असेल, त्यांच्यापुढे शुल्क भरून सुटका करून घेण्याचा प्रश्न उभा राहिला. नियामकालाही निर्गमनाची धास्ती वाटत होती. एप्रिल २०२२ ते मार्च २०२४ या काळात घाऊक किमती विशिष्ट प्रमाणाबाहेर घसरल्यास, ग्राहक मिळवणाऱ्या कंपनीने तो गमावणाऱ्या कंपनीला भरपाई द्यावी, अशी तजवीज करण्यात आली होती. ग्राहकाने मुक्तपणे हिंडावे म्हणून उभारलेल्या बाजारात, त्याच्या हिंडण्यानेच बाजार कोसळू नये म्हणून कुंपण घालण्याची वेळ आली!

मुंबईचा अनुभव

मुंबईच्या उपनगरांतील घरगुती ग्राहक मुदतीच्या कराराने बांधलेला नसतो. परंतु निर्गमनाची किंमत येथेही मोजावी लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये टाटा पॉवर कंपनीचा किरकोळ ग्राहकांना वीज देण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ग्राहकाला, तारा त्याच ठेवून, पुरवठादार बदलण्याची वाट मोकळी केली. त्या वेळी उपनगरांचे जाळे रिलायन्सकडे होते. २०१८ पासून ते अदानी समूहाकडे आहे. स्वस्त दराच्या ओढीने मोठ्या संख्येने ग्राहक सरकले. मग लक्षात आले, की अधिक वीज वापरणारे, म्हणजेच ज्यांच्या चढ्या दरातून गरिबाच्या बिलाला टेकू मिळत होता, तेच आधी निघून गेले. पुढे २०११ पासून सोडून गेलेल्यांवरही अधिभार आले : एक क्रॉस सबसिडीचा, दुसरा पूर्वी वसूल न झालेल्या खर्चाचा, ज्याला बिलाच्या भाषेत नियामक मत्तेचा आकार म्हणतात. नव्या घरात राहावयास गेलेल्याला जुन्या वाड्याची थकलेली पट्टी भरावी लागावी, तसा हा प्रकार. सोडून जाणाऱ्याला तो जाच वाटला. मागे राहिलेल्याच्या दृष्टीने तो न्याय होता. वहन आकार, स्थिर आकार आणि हे अधिभार मिळवून बेरीज केल्याखेरीज केवळ ‘वीज आकार’ कमी आहे म्हणून धावणारा ग्राहक लंडनच्या ग्राहकाइतकाच फसू शकतो.

एकाच जाळ्यावर अनेक पुरवठादार असावेत, हा उद्देश बाळगणारे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि स्थायी समितीकडे पाठवण्यात आले. ते संमत झाले नाही. परंतु कल्पना मावळलेली नाही. ती पुन्हा येईल तेव्हा तिच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी ब्रिटनची गेली पंचवीस वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत.

निवडीचे ओझे कोणावर?

एकट्यादुकट्या ग्राहकापुरते उत्तर स्पष्ट आहे. उरलेल्या महिन्यांचा प्रत्यक्ष वापर, दोन दरांतील फरक, प्रत्येक इंधनाचे शुल्क आणि नव्या कंपनीची पत, या चार गोष्टी मांडाव्यात. बचत शुल्काहून स्पष्टपणे अधिक भरत असेल तर करार मोडण्यात गैर काही नाही. शुल्क भरणे हा वचनभंग नसून करारातलेच एक कलम आहे. बचत काठावर असेल तर थांबावे, कारण काठावरचा लाभ अंदाजाच्या एका चुकीने बुडतो. ज्याचे उत्पन्न बेताचे आहे त्याने अनिश्चित स्वस्ताईपेक्षा निश्चित दराला थोडे अधिक मोल द्यावे, कारण दर चढल्यास धक्का सोसण्याची ताकद त्याच्याजवळ नसते.

तथापि समाजाने याहून मोठा प्रश्न विचारला पाहिजे. हा सगळा हिशेब कोण करू शकतो? ज्याच्याजवळ वेळ आहे, आकड्यांची सवय आहे आणि बँकेत चार पैसे आहेत, तो. ज्याच्या बिलाची थकबाकी आहे त्याला कंपनी अडवू शकते. प्रीपेड मीटरवरील ग्राहकालाही प्रत्येक इंधनामागे पाचशे पौंडांपर्यंतच थकबाकी सोबत घेऊन जाता येते. म्हणजे स्वस्त दराची गरज ज्याला सर्वाधिक, त्याच्यासाठीच दार अडकते. एकटी राहणारी वृद्धा दरपत्रके चाळत बसत नाही, म्हणून तिने अधिक दर भरावा, असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

निवडीचे स्वातंत्र्य मोलाचे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु मेथीची जुडी आणि घरातील दिवा यांत फरक आहे. मेथी महागली तर त्या दिवशी दुसरी भाजी करता येते. अंधाराला पर्याय नसतो. म्हणून ज्या बाजारात अशी वस्तू विकली जाते, तेथे जो निवड करतो त्याला लाभ व्हावा, पण जो निवड करू शकत नाही त्याला शिक्षा होऊ नये, एवढी व्यवस्था कायद्याने केलीच पाहिजे. ती नसेल, तर ग्राहकाला दिलेले स्वातंत्र्य हे काहींच्या पदरी सवलत आणि बाकीच्यांच्या पदरी तिचे बिल, एवढेच होऊन बसेल.